मान कोरडी पडू नये म्हणून

२ जुलै, बुधवार

जी मुलगी चार वर्षं फक्त त्वचा शिकली, तिच्याच घरातल्या बाळाला घामोळं का व्हावं? या प्रश्नाचं उत्तर आज माझ्याकडे नाही. आठवडाभरात असेल.

सकाळी गाऊलला अंघोळ घालताना दिसलं. हनुवटी वर केली, की मानेच्या घडीत मोहरीएवढे लाल दाणे. पोरगी अकरा महिन्यांची आहे, अख्ख्या कोरियात कुप्रसिद्ध असलेला तेगूचा उन्हाळा आहे, होणारच, असं सामान्य घरात म्हणतात. आमचं घर आता सामान्य राहिलेलं नाही. इथे सौंदर्यप्रसाधनशास्त्राची पदवी आहे. फ्रेममध्ये, टीव्हीच्या वर. ताईने स्वतः खिळा ठोकून लावली. आमच्या घराण्यात भिंतीवर लावण्यासारखं आजवर कॅलेंडरच होतं.

ताई पहाटे हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला जाते. दाजी गोजेच्या गोदीत जहाजं जोडतात, महिन्यातून दोनदा येतात. मला नोकरी लागेपर्यंत बाळ माझ्याकडे. ताईने शाळा अर्धवट सोडली तेव्हा कुठे मी कॉलेजपर्यंत पोचले, त्यामुळे या घामोळ्याशी माझं भांडण जरा वैयक्तिक आहे.

निघताना ताईने विचारलं, एसी लावू का. मी समजावून सांगितलं, की एसीने हवा कोरडी होते आणि त्वचेच्या बहुतेक सगळ्या दुखण्यांचं मूळ कोरडेपणात असतं. ती म्हणाली, तू म्हणशील तसं बाई, तू शिकलेली आहेस. ती असं म्हणाली, की मला आपली उंची दोन बोटं वाढल्यासारखी वाटते.

संकल्प: सात पायऱ्यांचं रूटीन, सकाळ-संध्याकाळ. उद्यापासून.

३ जुलै

रूटीन सुरू. आधी सौम्य फेस, मग टोनर, मग मंडूकपर्णीचं सीरम, मग लोशन, मग क्रीम, मग घडीत थोडा बाम, वरून पावडर. पावडरनंतर मान गव्हाच्या कणकेसारखी दिसायला लागली, पण विज्ञान दिसण्यावर जात नाही. (सौंदर्यप्रसाधनशास्त्र थोडं जातं.)

गाऊल चौथ्या पायरीपासून रडली. मुलांना शिस्तीची सवय नसते.

कपाटातून ह्युमिडिफायर काढला, हवेत वाफ सोडणारं यंत्र. तो हिवाळ्यातच लावायचा, ही जुनाट समजूत आहे. सध्या पावसाळा चालू आहे आणि खिडकीबाहेर हवेत पाणी भरपूर आहे, हे मान्य. पण ते अनियंत्रित पाणी आहे.

५ जुलै, शनिवार

मानेवरचे दाणे आता छातीवरही आहेत. ताई म्हणाली, पसरलं. मी म्हटलं, पसरलं नाही, मानेवरून हललं. हलणं म्हणजे मूळ जागा सुटली. हा सुधारणेचा पहिला टप्पा.

ताईने बघितलं. म्हणाली, मानेवर पण आहे अजून. मी म्हटलं, निघायला वेळ लागतो.

६ जुलै, रविवार

ताईच्या सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. त्या बोंग्ह्वाला डोंगरात राहतात, मिरचीची शेती करतात आणि फोन इतका जवळ धरतात, की आम्हाला फक्त त्यांचं कपाळ दिसतं. पण त्यांना आमचं सगळं दिसतं. गाऊलने नेमकी तेव्हाच मान खाजवायला घेतली.

सासूबाई म्हणाल्या, अगं गाऊलची आई, पोरीला मुंग्या चावल्या का काय? ताई म्हणाली, थोडं घामोळं आहे. सासूबाई म्हणाल्या, थोडं? इथून डोंगरातून दिसतंय मला. आणि तुझ्या घरात ती चामडीची पंडित बसलीय ना, ती काय करते? मी पुढे होऊन नमस्कार केला आणि उपचार सुरू असल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, जाड मीठ चोळ. मी म्हटलं, मिठाने त्वचेचं संरक्षक आवरण फाटतं. त्या म्हणाल्या, आमची आवरणं काही फाटली नाहीत बाई, सत्तरी आली.

मग त्यांनी निकाल दिला. सात ऑगस्टला गाऊलचा पहिला वाढदिवस. त्या येणार. तोवर अंग स्वच्छ झालं नसेल, तर त्या पोरीला बोंग्ह्वाला घेऊन जाणार. तिथे गार आहे. थंडी पडली की आणून सोडतील.

फोन ठेवल्यावर ताई बराच वेळ तांदूळ धूत होती. ताईच्या नणंदेचा मुलगा असाच पंधरा दिवसांसाठी आजीकडे गेला होता. आता तो तिथल्या शाळेत दुसरीत आहे, आणि आईला फोनवर ओळखतो, पण समोर आली की लाजतो.

मी ताईला शब्द दिला: सात ऑगस्टपर्यंत गाऊलचं अंग चिनी मातीच्या वाडग्यासारखं करून देईन. ताई म्हणाली, तुझ्यावरच आहे सगळं.

१० जुलै

डॉक्टर प्यो. खाली चौकात क्लिनिक आहे, ताईच्या आग्रहाखातर गेले. मी प्रथम माझं शिक्षण सांगितलं, म्हणजे चर्चा योग्य पातळीवर होईल. डॉक्टर म्हणाले, वा वा. मग म्हणाले, मावशी, हिला गार ठेवा, कोरडं ठेवा, सैल कपडे घाला आणि अंगाला काही लावू नका. खाज फारच वाटली तर हे मलम, अगदी पातळ.

काही लावू नका हा उपचार नव्हे. उपचार न सुचल्याची ती कबुली आहे. जुन्या पिढीच्या डॉक्टरांचा मला राग नाही, त्यांच्या काळी पर्याय कमी होते.

त्यांनी विचारलं, घरात हवा कशी असते. मी सांगितलं, आम्ही मुद्दाम दमट ठेवतो, यंत्र लावून. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. एसी लावून बसतात, काचेवर धूळ बसणारच.

मलम घेतलं. सीरम आणि लोशनच्या मध्ये बसवलं. आता आठ पायऱ्या.

१४ जुलै, सोमवार

पलंगामागच्या भिंतीवर काळे ठिपके आले आहेत. ताईने बोटाने पुसून बघितलं. म्हणाली, बुरशी. मी म्हटलं, याचा अर्थ खोलीतली आर्द्रता सजीवांना पोषक आहे. ताई म्हणाली, कुठल्या सजीवांना ते आधी ठरव.

ती चिडली की विनोद करते. तिने ह्युमिडिफायर बंद केला. ती कामाला गेल्यावर मी चालू केला. हा विश्वासघात नाही. ताईला परिणाम हवा आहे, पद्धत मी ठरवायची आहे.

छातीवर, पाठीवर, काखेत, कोपराच्या आत. गाऊल आता हसताना मध्येच थांबते आणि खाजवते. मग विसरते आपण कशाला हसत होतो.

१७ जुलै

संध्याकाळी तिचं डोकं मांडीवर घेऊन फक्त वारा घातला. ती झोपली. वारा घालताना काही लावता येत नाही, हात अडकलेला असतो. पंधरा मिनिटांत मला अस्वस्थ वाटायला लागलं, की मी काहीच करत नाही आहे.

२० जुलै, रविवार

चोबोक. उन्हाळ्यातल्या तीन भट्टीच्या दिवसांतला पहिला. सगळं शहर घामाघूम होत गरम कोंबडीचं सूप पितं, कारण उष्णतेला उष्णतेनेच मारायचं असतं. दाजी आले होते. त्यांनी दोन वाडगे संपवले, सदरा पिळला आणि म्हणाले, आता गार वाटतंय.

मला एकदम दिशा मिळाली. आतापर्यंत मी घामोळ्याला बाहेरून वागवत होते. छिद्रं उघडली, की अडकलेला घाम वाहून जाईल. तत्त्व अगदी पक्कं आहे. मी गाऊलला कोमट पाण्यात बसवलं. कोमटपेक्षा थोडं वर. त्यात त्या ओल्या मासळीसारखा वास येणाऱ्या पाल्याचा काढा घातला. बाजारातल्या निम्म्या क्रीममध्ये तो पाला असतो, वास काढून टाकलेला. घरी वास काढता येत नाही.

गाऊल उकडलेल्या खेकड्याच्या रंगाची बाहेर आली. दाजींनी तिला उचललं, हुंगलं आणि म्हणाले, धाकटी, पोरगी वाढवायची आहे का ताटात वाढायची आहे? ताई हसली नाही. दाजींनी मला एसीचा रिमोट कुठे आहे विचारलं. मी सांगितलं, बॅटरी संपली आहे.

बॅटऱ्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.

२३ जुलै, बुधवार, सोलच्या गाडीत

उद्या मुलाखत. लहान मुलांची लोशनं बनवणारी कंपनी, प्रयोगशाळेतली जागा. दोन दिवस मैत्रिणीकडे मुक्काम. ताईने रजा काढली आहे. तिला बाटल्यांचा क्रम तीनदा सांगितला. ती म्हणाली, हो, जा तू.

माझी भूमिका तयार आहे: चांगली त्वचा हा श्रीमंतांचा हक्क नाही. हॉस्पिटलात भांडी घासणाऱ्या बाईच्या मुलीलाही ती मिळाली पाहिजे. मी हे बोलेन तेव्हा माझा आवाज थोडा कापेल. मुद्दाम नव्हे.

२४ जुलै, संध्याकाळ

मुलाखत उत्तम झाली. मी गाऊलची केस मांडली. फोटो दाखवले. समोर तिघं होते. एकाने विचारलं, हे आधीचे फोटो झाले, नंतरचे कुठे आहेत? मी म्हटलं, हेच नंतरचे आहेत, काम अजून सुरू आहे. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

टोकाला बसलेल्या बाईंनी विचारलं, लावताना बाळ रडतं का? मी म्हटलं, रडणं हे शास्त्रीय मोजमाप नाही. त्यांनी काही लिहिलं नाही. फोटोकडे बघत राहिल्या.

२५ जुलै, शुक्रवार

घरी आले. घामोळं गेलं आहे.

म्हणजे पूर्ण नाही, पण मान गुलाबी, छाती साफ, पाठीवर थोडं खरखरीत. गाऊल नुसत्या लंगोटात जमिनीवर लोळत होती आणि चमच्याने भांडं बडवत होती. घर गार होतं. ताईने बॅटऱ्या विकत आणल्या.

मी विचारलं, क्रम नीट पाळलास ना? ती म्हणाली, कुठली बाटली आधी ते काही आठवेना, चुकीचं लावण्यापेक्षा नको म्हटलं, म्हणून काहीच लावलं नाही.

मी बसून विचार केला. तीन आठवड्यांच्या उपचाराचा परिणाम नेमका मी नसताना दिसावा, हे माझं नशीब. त्वचेच्या खालच्या थरातून वर यायला वेळ लागतो, हे पुस्तकातच आहे. ताईला हे समजावलं. ती म्हणाली, असेल बाई. मग हळूच म्हणाली, आता नाही लावलं तर?

मी म्हटलं, पीक आलं म्हणून कोणी शेताला पाणी द्यायचं थांबवतं का? तिच्या सासूबाई शेतकरी असल्यामुळे तिला काहीतरी म्हणायचं होतं असं वाटलं.

संध्याकाळपासून रूटीन पूर्ववत. मिळवलेलं टिकवायचं तर दिवसातून तीनदा.

२८ जुलै

मान लाल. थोडी.

२९ जुलै, मंगळवार

थोडी नाही.

काल दुपारी ती झोपेत खाजवत होती. मोजे घातले हातात. तिने मोजे चावून काढले. आता दाणे फुटलेत, मानेच्या डाव्या बाजूला ओलं दिसतं आणि त्यावर मधासारखा पिवळा पापुद्रा. मी पुस्तक काढलं. पुस्तकात याचा फोटो आहे. मी पान उलटलं.

बामची कंपनी बदलली.

३१ जुलै

कंपनीचं उत्तर आलं. आपल्या उत्साहाची आम्ही कदर करतो, इत्यादी. वर्गात शिकवलं होतं, की नवा विचार प्रथम नाकारला जातो. ताईला अजून सांगितलेलं नाही. तिने फ्रेमची काच आजच पुसली.

सात ऑगस्ट जवळ आला. आता गाऊल मला बाटली हातात घेताना बघते तेव्हाच रांगत उलट्या दिशेला जाते. सोफ्याखाली शिरते. मी आडवी होऊन तिला बाहेर ओढते. ओढताना मी गाणं म्हणते, म्हणजे तिला खेळ वाटावा. तिला खेळ वाटत नाही.

हे सगळं तिच्यासाठी चाललं आहे, हे तिला कळेल असं वय कधी येतं, हे बघायला हवं.

२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी अंग गरम लागलं. ताईला सुट्टी होती, दोघी डॉक्टर प्योंकडे गेलो. त्यांनी मान बघितली आणि आवाज खाली आणून विचारलं, काय काय लावलंत? मी नावं सांगायला लागले. ते म्हणाले, असं नको, घेऊन या.

मी घरी जाऊन पिशवी घेऊन आले. त्यांनी एकेक बाटली टेबलावर मांडली. टेबल भरल्यावर वजनकाट्यावर मांडली. म्हणाले, एवढं तर मी उन्हाळाभरात सगळ्या पेशंटना मिळून लिहून देत नाही. मग माझ्याशी बोलायचे थांबले आणि ताईशी बोलू लागले. आई, घामोळं नख लागून पिकलं आहे. हे औषध पोटात, हे एकच मलम जखमेवर. बाकी सगळं बंद. खोली गार ठेवा. वेळेत आणलंत, बरी होईल.

मी विचारलं, सातपर्यंत? ते म्हणाले, सातपर्यंत जखम सुकेल. डाग राहतील.

जिन्यात ताई थांबली. गाऊल तिच्या खांद्यावर झोपली होती. ताई म्हणाली, पहिल्या आठवड्यातच वाटलं होतं मला, पोरीला उकडतंय म्हणून. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, मी काय बोलणार? तुला शिकवलं ते तुझं ऐकावं म्हणून, की परत तुलाच शिकवत बसावं म्हणून?

आणि वर गेली. रागावली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

३ ऑगस्ट

एसी चालू. ह्युमिडिफायर माळ्यावर. गाऊलला औषध, मलम. बाकी काही लावलं नाही.

ताई म्हणाली, आपल्या इमारतीतल्या पाळणाघरात या महिन्यात एक जागा रिकामी आहे, तू नोकरी शोधायला मोकळी होशील. मी म्हटलं, परक्यांच्या हातात? माझ्या हातांकडे तिचं लक्ष गेलं, असं मला वाटलं. बहुतेक गेलं नसेल.

४ ऑगस्ट

काही लावलं नाही. फक्त पाणी शिंपडलं. पाणी म्हणजे लावणं नव्हे. त्या पाण्यात मंडूकपर्णी होती, पण अगदी नावाला.

संध्याकाळी परत एकदा पाणी.

५ ऑगस्ट, मंगळवार

ताप नाही. जखम सुकली. पण गळ्याभोवती लाल-तपकिरी डाग, फाटक्या माळेसारखे. आणि पाठीवर नवे दाणे, का ते कळत नाही. परवा सासूबाई येणार. त्या उजेडात नेऊन बघणार. मग ताईला पोरगी द्यावी लागणार. ताई काल गाऊलचे हिवाळी कपडे काढून बघत होती. मला बघून परत ठेवले.

विचार करून करून एक सुचलं आहे. हा उपचार नाही, त्यामुळे डॉक्टरांचं म्हणणं मोडलं जात नाही. चार वर्षांत जर मी एक गोष्ट खरोखर चांगली शिकले असेन, तर ती म्हणजे रंग जुळवणं.

६ ऑगस्ट

झिंकची पावडर, थोडा पिवळा, थोडा गुलाबी. माझ्या मनगटावर बारा छटा करून बघितल्या. गाऊलचा रंग वर्गातल्या कुठल्याही तक्त्यात नव्हता. शेवटी मिळाला. खरंच मिळाला. सुकल्या कातडीवर एक ठिपका लावून बघितला, डाग कुठे आहे ते मलाच सापडेना.

एक दिवसाचा प्रश्न आहे. सासूबाई बघतील, जेवतील, गाडीत बसतील. संध्याकाळी धुऊन टाकेन. ताईला सांगितलेलं नाही. तिला न सांगण्याचं कारण, तिने परवानगी दिली नसती.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज पंचांगाप्रमाणे शरद ऋतू सुरू झाला. पोरीचं नाव गाऊल, म्हणजे शरद, त्यावरूनच ठेवलं. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं.

सासूबाई सकाळच्या गाडीने आल्या. दोन पिशव्या, घरचे लाल चवळीत घोळवलेले ज्वारीचे लाडू, नजर लागू नये म्हणून. दाजी आदल्या दिवशी आले होते. मी ताई अंघोळीला गेल्यावर गाऊलची मान, गळा आणि कानामागे काम केलं. गाऊल रडली नाही. सोफ्याखालीही गेली नाही. दमली होती की काय कोण जाणे. वर रंगीत पट्ट्यांच्या बाह्यांचा झगा, पांढरी कॉलर. ताई बाहेर आली, गाऊलला बघितलं आणि तिचा चेहरा असा उजळला, की मी दुसरीकडे बघितलं. म्हणाली, दासोम, गेलं गं सगळं. मी म्हटलं, हो.

सासूबाईंनी खिडकीजवळ नेलं. हनुवटी वर केली. पुन्हा केली. म्हणाल्या, बरी आहे की. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, चामडीचं शिक्षण अगदीच वाया गेलं नाही म्हणायचं. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं प्रमाणपत्र, जे मी खोटं मिळवलं.

मग रीतीप्रमाणे गाऊलला जमिनीवर बसवून समोर वस्तू मांडल्या. दोरा उचलला तर आयुष्य मोठं, पैसे उचलले तर श्रीमंत, पेन उचललं तर शिकणार. दाजी पैसे पुढे सरकवत होते, ताई पेन. सासूबाई म्हणाल्या, पेन नको, घरात एक आहे तेवढं पुरे. गाऊलने सगळ्यांकडे बघितलं आणि काहीच उचललं नाही. दोन्ही हातांनी मान खाजवायला लागली.

एसी चालू होता, पण झगा जाड, माणसं पाच. तिला घाम आला होता. बोटांवर रंग आला. कॉलरवर आला. सासूबाईंनी ओल्या रुमालाने तिची मान पुसली, आणि रुमालावर गाऊलची कातडी उतरल्यासारखी दिसली. खाली सगळे डाग.

सासूबाईंनी रुमाल बोटावर घासला, हुंगला आणि म्हणाल्या, काय गं, वर्षाची झाली नाही तोवर नवरी करून बसवलीत पोरीला? माझ्या लग्नात मला एवढं थापलं नव्हतं.

त्यांना वाटलं ताईने केलं. ताई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, मी केलं. एवढंच म्हणता आलं. पुढे शास्त्रीय कारण होतं, ते आठवलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, उद्या पोरगी माझ्याबरोबर येईल. दाजींनी पंख्याकडे बघितलं. ताईने गाऊलला उचललं आणि झगा काढायला लागली. गाठी सुटेनात. गाठींकडे बघतच ती म्हणाली, गाऊल कुठे जाणार नाही. तिला सासूबाईंसमोर असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. सासूबाईंनीही नसावं. त्या म्हणाल्या, मग सांभाळणार कोण? ही?

ताईने उत्तर दिलं नाही. मी वाट बघितली. गाठ सुटली, झगा निघाला, तरी दिलं नाही.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, वातावरण जरा हलकं करायला असेल, मिरच्या लाल झाल्यात, तोडायला माणूस मिळत नाही. हिच्या हातांना सारखं काहीतरी लागतंच, तर पोरीच्या ऐवजी हीच द्या मला. दाजी हसले. ताईही हसली, थोडी. मी स्वयंपाकघरात गेले आणि पाळणाघरात फोन केला. जागा अजून रिकामी होती. बाई म्हणाल्या, सोमवारपासून आणा. बाळाला काही विशेष लावावं लागतं का? मी म्हटलं, काही नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार, गाडीत

ताईला सकाळी सांगितलं, की मिरच्या तोडायला मी बोंग्ह्वाला जाते. तिने विचारलं, कधीपर्यंत? मी म्हटलं, मिरच्या संपेपर्यंत. ती म्हणाली, खरं सांग. मी म्हटलं, मी घरात असले तर माझे हात थांबायचे नाहीत. बूट घालून झाल्यावर आत्ताही मी परत आत जाऊन गाऊलच्या मानेला हात लावून आले. हातात काही नव्हतं, पण शेल्फवर बाटली शोधत होते.

ताई म्हणाली, मुलाखतीचं पत्र येईल ते पाठवते. मग मी तेही सांगितलं. ती म्हणाली, बरं. माझी पिशवी तिने खालपर्यंत आणली. खाली थांबून म्हणाली, मिरचीचा हात डोळ्याला लावू नकोस, तेवढं तरी माझं ऐक.

गाऊल वर झोपली होती, लंगोटात, गार खोलीत. तिला उठवलं नाही.

सासूबाई शेजारी घोरत आहेत. झोपण्यापूर्वी त्यांनी मला विचारलं, गालाला काय लावतेस, पोरी? वास बरा आहे. त्यांचे हात भेगाळलेले आहेत, बोटांच्या पेरांत खोल चिरा, आणि त्यांवर काय करता येईल हे मला पाठ आहे, पायरीसकट. मी म्हटलं, साधा साबण.

वाटेत आन्दोंगला गाडी थांबली होती. समोर तेगूला परत जाणारी गाडी उभी होती, दार उघडं, जागा भरपूर. मी खाली उतरले, सासूबाईंसाठी पाणी घेतलं आणि याच गाडीत परत चढले. आन्दोंग मागे गेलं आहे.